नकाशातला कल कोण ठरवतं?

बंगळूरच्या राजाजीनगरात किती खोलीवर पाणी लागेल? विहिरी आणि बोअरच्या नोंदी ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरायच्या, क्रिगिंग करायचं, म्हणजे मोजलेल्या जागांवरून मधल्या जागांचा अंदाज काढायचा, की बंगळूरचा रंगीत नकाशा तयार. या पद्धतीत पाण्याच्या पातळीचे दोन भाग मानतात. एक कल, म्हणजे जागेनुसार ठरावीक रीतीने बदलणारी सरासरी. दुसरा तिच्याभोवतीचा अनियमित चढउतार, जो जवळच्या जागी बराचसा सारखा असतो. गैरसमज मुख्यतः पहिल्या भागाबद्दल आहेत.

गैरसमज: कल सॉफ्टवेअर आपोआप शोधतं.
वस्तुस्थिती: तो आपण सांगायचा असतो. ‘आर’मधल्या जीस्टॅट पॅकेजात सूत्र लिहिताना टिल्डच्या (~) चिन्हापुढे नुसता 1 लिहिला, तर सरासरी सगळीकडे सारखीच आहे असं आपण जाहीर करतो. नवखे बहुधा हेच सूत्र उचलतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. सातारा जिल्ह्याच्या पावसाला तो 1 कसा चालेल?

गैरसमज: भूजलाचा कल म्हणजे जमिनीचा उतार. उंचवट्यावर पाणी खोल, सखल भागात वर.
वस्तुस्थिती: मोकळ्या रानात बहुधा खरं, बंगळूरात नाही. राजाजीनगरपासून जवळच असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी शहरभरच्या दीडशेच्या आसपास विहिरींच्या पातळ्या तपासल्या. 2018 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात चित्र उलटं दिसलं: उंचवट्यांवर पाणी वर, सखल भागात खोल. कारण नळ. शहराच्या उंच मध्यभागी सुमारे 100 किलोमीटरवरून, जवळपास 500 मीटर चढवून आणलेलं कावेरीचं पाणी येतं. तिथे बोअरचा उपसा कमी, शिवाय गळक्या नळांचं पाणी जमिनीत मुरतं. बाहेरच्या वस्त्यांची भिस्त तेव्हा बोअरवर होती. म्हणजे सूत्रात उंचीपेक्षा नळपुरवठा आणि उपसा जास्त महत्त्वाचा. नुसती उंची लिहिली तरी सॉफ्टवेअर हरकत घेत नाही. उलट्या चिन्हाचा गुणक निमूट छापतं, आणि तो वाचायची तसदी कुणी घेत नाही.

गैरसमज: कलासाठी वापरलेली बहुपदी जितक्या वरच्या घाताची, तितका कल अचूक.
वस्तुस्थिती: शहराच्या कडेला, जिथे विहिरी विरळ, तिथे अशी बहुपदी वाटेल तशी उसळते.

गैरसमज: कल वजा केला की उरलेल्या आकड्यांचा व्हेरिओग्राम, म्हणजे अंतरानुसार फरक कसा वाढतो ते दाखवणारा आलेख, बिनचूक.
वस्तुस्थिती: इथे एक पेच क्रिगिंगमध्ये मुरलेलाच आहे. कल नीट काढायला व्हेरिओग्राम हवा, आणि व्हेरिओग्रामसाठी आधी कल हवा. कल बसवताना तो खऱ्या चढउताराचाही थोडा वाटा गिळतो, म्हणून उरलेल्याचा व्हेरिओग्राम ठेंगणा येतो आणि नकाशाची चूक आहे त्यापेक्षा लहान भासते. कल आणि चढउतार एकत्र अजमावणारी ‘रेमल’ पद्धत हा दोष बराच कमी करते. तरीही कल कुठे संपतो आणि चढउतार कुठे सुरू होतो, हे आकडे एकटे सांगत नाहीत. तो निर्णय माणसाचा.

आणखी एक. बंगळूरखाली कठीण ग्नाइस खडक आहे, पाणी त्याच्या भेगांत असतं. पातळीचा नकाशा बोअरला पाणी किती लागेल ते सांगत नाही. बोअरवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी नकाशा करणाऱ्याला टिल्डपुढे काय लिहिलं होतं, ते जरूर विचारा.