उघड्यावरचा मुक्काम आणि मंद रक्ताभिसरण

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांना भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर एकाच दिवशी अनेक धक्के जाणवले व त्यांतील सर्वांत मोठ्या धक्क्याची तीव्रता ४.१ नोंदली गेली. धुंदलवाडी परिसरातील कुटुंबांनी घरात निजण्याचे सोडून अंगणात रात्री काढल्या. त्यांच्यासाठी तंबू उभारण्यात आले. भिंत अंगावर येण्याचे भय त्यामुळे कमी झाले. परंतु ऐन थंडीत जमिनीवर निजावयाचे कसे, हा प्रश्न उरलाच.

हा प्रश्न भूकंपापुरता नाही. आशागडच्या एखाद्या पाड्यावर खळ्याच्या राखणीस निजणारा वृद्ध, दिवाळीनंतर जिल्ह्यातून भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जाऊन खोपट्यात राहणारे कुटुंब, राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरातील विद्यार्थी, या सर्वांना तो सारखाच लागू आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर पारा सहसा दहा अंशांच्या खाली उतरत नाही, तेव्हा येथे थंडीची चिंता कशाला, असे म्हटले जाते. धडधाकट माणसापुरते ते ठीक आहे. ज्याचे रक्ताभिसरण मंद आहे, त्याचा त्रास मात्र पाणी गोठण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

थंडी वाजू लागताच शरीर हृदय, मेंदू आदी आतील अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते. मधुमेही, वृद्ध आणि वर्षानुवर्षे विडी ओढणारे यांच्या पायांकडे आधीच रक्त कमी पोचत असते. ते आणखी घटते. म्हणूनच केवळ पाय गुंडाळून भागत नाही. छाती, पोट व डोके उबदार असेल तरच शरीर पायांकडे पुरेसे रक्त सोडते. मोजे कोरडे व सैल असावेत. घट्ट मोजे, एकावर एक चढवलेले, उलट रक्त अडवतात.

तंबू वाटताना सर्वांचे लक्ष पांघरुणाकडे असते. अंथरुणाचा विचार क्वचितच होतो. वास्तविक अंगाखालची गार जमीन रात्रभर उष्णता शोषून घेत असते, आणि अंगाखाली दबलेली गोधडी तिला फारशी अडवू शकत नाही. भाताचा पेंढा या भागात घरोघरी असतो. ओल अडवण्यास खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर कोरड्या पेंढ्याचा वीतभर थर आणि वर गोधडी, असे अंथरूण दोन जादा चादरींहून अधिक उपयोगी पडते. पेंढ्याच्या काड्यांमध्ये अडकलेली हवा हेच त्यातील खरे पांघरूण. पेंढा भिजला की मात्र तो बदलावा, आणि तो अंथरलेल्या ठिकाणी चूल किंवा दिवा नसावा.

शेकोटीबाबत विशेष सावधगिरी हवी. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसास चटका बसल्याचे कळतही नाही, आणि रक्त कमी पोचणाऱ्या पायाची जखम लवकर भरत नाही. अशा माणसाने शेकोटीपासून पाय दूर ठेवावेत, गरम वीट किंवा गरम पाण्याची पिशवीही पायांशी घेऊ नये. सकाळी उजेडात कोणाकडून तरी तळवे पाहून घ्यावेत. बंद तंबूत शेगडी ठेवून निजणे तर सर्वांनाच घातक आहे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. ताडीने अंग तापल्यासारखे वाटते, ते त्वचेकडे रक्त धावल्यामुळे. त्यातून शरीराची ऊब बाहेरच जाते. विडीने रक्तवाहिन्या आणखी आवळतात.

आदिवासी भागात सिकलसेल आजाराचाही विचार करावा लागतो. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचित होऊन प्रवाह मंदावला की विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी त्यांत अडकतात व हाडे, सांधे, छाती यांत असह्य कळा सुरू होतात. अशा मुलास पहाटे गार पाण्याने आंघोळ घालू नये, ओल्या कपड्यांत राहू देऊ नये. थंडीत तहान लागत नसली तरी पाणी पाजत राहावे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी होऊन कार्डे दिली जातात. शिबिराच्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी ती पाहिली तर कोणाचे अंथरूण दारापासून दूर, वाऱ्याच्या आड घालावे हे ठरवणे सोपे जाईल. सिकलसेलचा केवळ वाहक असलेल्या मुलास सहसा त्रास होत नाही. त्याला शिबिरातून वगळण्याचे कारण नाही.

बधिर झालेले पाय चोळू नयेत की आगीशी धरू नयेत. ओले कपडे काढून कोरड्या कपड्यात गुंडाळावेत व शेजारी दुसऱ्याने निजून ऊब द्यावी. एकच पाय एकाएकी पांढराफटक, गार होऊन दुखू लागला, सिकलसेलच्या रुग्णास छातीत कळ, धाप किंवा ताप आला, अथवा थंडीने काकडणारा माणूस कापायचा थांबून बरळू लागला, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व त्यास रुग्णालयात न्यावे.