कूल कूल वारूळ!

दाराची चौकट पोखरणारी वाळवी दिसली की आपण पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावतो. एका आर्किटेक्टनं मात्र तिच्याकडे चक्क क्लास लावला!

माहीत आहे का? झिम्बाब्वेच्या राजधानीत, हरारेत, ईस्टगेट सेंटर नावाचं ऑफिस-कम-शॉपिंग संकुल आहे. १९९६ चं. वाळवीच्या वारुळावरून प्रेरणा घेणारे आर्किटेक्ट ते हेच, मिक पिअर्स. आत नेहमीसारखा सेंट्रल एसी नाही आणि तरी भाडेकरू पळून गेलेले नाहीत.

ट्रिक काय? रात्रपाळी! हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच. दिवसा ऊन चढलं तरी रात्री हवा मस्त गार. ती हवा पंखे रात्रभर पोकळ काँक्रीटच्या मजल्यांमधून खेळवत राहतात. जाडजूड काँक्रीट गारवा 'सेव्ह' करून ठेवतं. सकाळी ऑफिस भरलं की तोच गारवा जमिनीलगत आत येतो. माणसं, दिवे, कॉम्प्युटर यांनी तापलेली हवा छताजवळून निसटून थेट धुराड्यांत. गच्चीवर अशी तब्बल ४८ धुराडी! शेजारच्या एसीवाल्या इमारतींपेक्षा वीज सुमारे ३५ टक्के कमी लागते म्हणे.

आता ब्रेकिंग न्यूज. वारुळात गरम हवा वर जाते आणि आतलं तापमान कायम राहतं, ही ज्यावरून प्रेरणा घेतली ती थिअरीच पुरती बरोबर नव्हती! स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर या संशोधकांनी २००८ मध्ये सांगितलं, की आतलं तापमान बरंचसं आसपासच्या जमिनीच्या तापमानाप्रमाणे बदलतं. वारूळ एसीपेक्षा फुप्फुसाच्या जास्त जवळचं. म्हणजे कॉपी चुकलेल्या उत्तराची आणि मार्क पैकीच्या पैकी. असं नशीब आपल्याला दहावीत कुठं मिळालं?

मग वारूळ श्वास घेतं कसं? उत्तर निघालं बंगळुरात! २०१५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात तिथल्या वारुळांत सेन्सर खुपसले होते. दिवसा कडेचे पातळ कंगोरे तापतात, त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली येते. रात्री कंगोरे आधी गार होतात आणि सगळी वाहतूक उलट्या दिशेनं. खिडकी एकही नाही. कोंडलेला कार्बन डायऑक्साइड भिंतींच्या बारीक छिद्रांतून झिरपून जातो.



घर गार ठेवायचा मधमाश्यांचा फंडा वेगळा. पोळं तापलं की त्या पाण्याचे थेंब आणून पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. डेझर्ट कूलर, विदाऊट प्लग!

आणि हो, वारुळात हवेची एवढी धडपड कुणासाठी? वाळवीसाठी आणि तिच्या तळघरातल्या बुरशीच्या शेतीसाठीही. त्याच जातकुळीतली बुरशी गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर अळमी होऊन उगवते. बाजारात तिचा भाव ऐकून फुटणाऱ्या घामावर मात्र वारुळाकडेही इलाज नाही!