ऑफिसच्या खणातला भूकंप

मुलांनो, या वेळचा लेख दोरी आणि कात्री जवळ घेऊन वाचायचा आहे. आजी-आजोबा, तुम्हीही बसा. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी मुंबईला रेल्वेत, पोस्टात, कस्टममध्ये वर्षानुवर्षं नोकरी केली. फूटपट्टी, फायलीची नाडी, टाचण्या ही तुमचीच हत्यारं. त्यांच्यातच आज भूकंपाचं गुपित शोधू या.

आधी फूटपट्टी. स्टीलची घ्या, टेबलाच्या कडेवर दाबून धरा आणि २० सेंटिमीटर बाहेर ठेवून टोक खाली ओढून सोडा. पट्टी सावकाश डुलते. आता ८ सेंटिमीटरच बाहेर ठेवा. घर्रर्र! डोळ्याला हालचाल नीट दिसतही नाही, पण कानाला ऐकू येते. बाहेरचा भाग निम्मा केला की कंपनं चौपट होतात, आणि सेकंदाला २० च्या वर गेली की माणसाला त्यांचा आवाज ऐकू येऊ लागतो. शोफार वाजवणाऱ्याचे ओठही असेच थरथरत असतात.

आता दोरीला किल्ल्यांचा जुडगा बांधा आणि टेबलाच्या कडेला टांगा. गाठीपासून जुडग्याच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. हलकाच झोका द्या आणि मोबाईलवर वेळ लावा. जाऊन परत आला की एक झोका. १० झोक्यांना १० सेकंद लागतील. मग किल्ल्या काढून स्टेपलर बांधा. जड वस्तू भरभर हलेल की हळू? घरातल्या सगळ्यांना आधी पैज लावू द्या. वेळ तेवढीच लागते! वजनाचा इथे संबंधच नाही, दोरीच्या लांबीचा आहे. कपाटाच्या उंच कडीला १ मीटरची दोरी बांधलीत, म्हणजे चौपट लांब, तर त्याच १० झोक्यांना २० सेकंद लागतील.

पण खरी गंमत पुढे आहे. दोन जड खुर्च्या मीटरभर अंतरावर ठेवा, त्यांच्या पाठींना फायलीची नाडी आडवी बांधा, थोडी सैलच. नाडीवर तीन दोऱ्या सोडा : दोन बरोबर २५ सेंटिमीटरच्या आणि एक १२ ची. प्रत्येकीच्या टोकाला कागद धरायचा मोठा काळा चिमटा लावा आणि वजनासाठी त्यात एकेक सारखीच किल्ली अडकवा. आता २५ च्या एकाच दोरीला पुढे-मागे झोका द्या, बाकीच्यांना हात लावू नका. थोड्याच वेळात तिची जुळी बहीण आपोआप हलायला लागेल! पहिली मंदावत मंदावत जवळजवळ थांबेल आणि दुसरी जोरात झुलेल. मग परत उलटं. बुटकी मात्र नुसती कुडकुडल्यासारखी करेल. नाडीतून येणारे धक्के तिलाही मिळतात, पण ते तिच्या तालाचे नसतात. ताल जुळला तरच लहान लहान धक्के साठत जातात. शास्त्रज्ञ याला अनुनाद म्हणतात. झोपाळ्यावर मुलाला ढकलताना आपण नेमकं हेच करतो.

आता नाडी म्हणजे जमीन आणि दोऱ्या म्हणजे इमारती समजा. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिकोत ८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र राजधानीपासून सुमारे ३५० किलोमीटर दूर, तरी हाहाकार झाला तो राजधानीत. ते शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेलं आहे आणि तो गाळ साधारण दोन सेकंदांना एक असा डुलू लागला. सर्वांत जास्त नुकसान झालं मध्यम उंचीच्या, ६ ते १५ मजली इमारतींचं. बैठी घरं पुष्कळशी वाचली आणि १९५६ चा ४४ मजली लॅटिनोअमेरिकाना मनोराही उभा राहिला. शेजारच्या दोन इमारतींपैकी एकच का कोसळते, याचं एक मोठं कारण तुमच्या खुर्च्यांमध्ये टांगलेलं आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवत असेल. कोयनेचा धक्का थेट मुंबईत भांडी वाजवून गेला होता. इथे इस्राएलमध्येही मृत समुद्राच्या बाजूने जमिनीतली मोठी भेग जाते. ११ जुलै १९२७ च्या भूकंपात रामले आणि लोद, जिथे आज आपली कितीतरी कुटुंबं राहतात, तिथे घरं पडली होती. जुन्या चार मजली शिकूनमध्ये खाली नुसते खांब आणि वर भरलेले मजले असतात. अशी इमारत हलली की सगळं वाकणं त्या खांबांवर येतं. १९८० च्या आधी परवानगी मिळालेल्या इमारती भूकंपाच्या नियमाने बांधलेल्या असतीलच असं नाही. तुमची कोणत्या साली बांधलेली आहे, ते वाअद बायितला विचारा. जमीन हलू लागली आणि काही सेकंदांत बाहेर मोकळ्यावर पोचता येत असेल, तर निघा. नाहीतर ममादमध्ये जा, पण दार उघडं ठेवा, कारण चौकट वाकली तर ते अडकतं. ममाद नसेल तर जिन्यात जा.