ओबामांचा जन्मदाखला

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जन्मतःच त्या देशाचा नागरिक असावा लागतो. तिथल्या राज्यघटनेची ती अट आहे. बराक ओबामा 2008 मध्ये निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा याच अटीवर बोट ठेवून आवई उठली, की ते केनियात जन्मले. वडील केनियाचे, नाव अनोळखी. अफवेला तेवढे पुरले.

ओबामांनी त्याच वर्षी हवाई राज्याचा जन्मदाखला जाहीर केला: 4 ऑगस्ट 1961, होनोलुलू. मूळ नोंद आपण पाहिल्याचे राज्याच्या आरोग्य संचालक चियोमे फुकिनो यांनी सांगितले. त्यांची नेमणूक तर रिपब्लिकन गव्हर्नरने, म्हणजे विरोधी पक्षाने, केलेली! सर्वांत बोलका पुरावा मात्र जुन्या वर्तमानपत्रांत होता. ऑगस्ट 1961 मध्ये होनोलुलूच्या दोन दैनिकांनी या जन्माची वार्ता छापली होती. हे बाळ सत्तेचाळीस वर्षांनी निवडणूक लढवील, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार?

तरीही संशय शमला नाही. 2011 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी तो पुन्हा पेटवला, आणि 27 एप्रिलला व्हाइट हाउसने सविस्तर दाखलाही प्रसिद्ध केला.

2008 च्या निवडणुकीतले ओबामांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन तर खरोखरच पनामा कालव्याच्या अमेरिकी पट्ट्यात जन्मले होते. त्यांच्या पात्रतेवर सिनेटने त्याच वर्षी एकमताने शिक्कामोर्तब केले आणि तो विषय फारसा तापला नाही. हा फरक कागदांचा नव्हता, वर्णाचा होता.

ओबामा अमेरिकेत जन्मले, हे ट्रम्प यांनी सप्टेंबर 2016 मध्ये मान्य केले.