मेमरी टेस्ट चालू असताना पीसी रिस्टार्ट होतोय? नवीन रॅम विकण्याआधी एवढं तपासा



बारामती-इंदापूर पट्ट्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकायचा विचार आहे ना? मग हे काम तुमच्याकडे येणारच. समजा, निमगाव केतकीच्या एका ई-सेवा केंद्राचा पीसी आला. तक्रार एकच: "मध्येच आपोआप बंद होऊन चालू होतो." तुम्ही पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट लावली आणि टेस्ट चालू असतानाच पीसी पुन्हा रिस्टार्ट!

इथे घाईत "रॅम गेली" म्हणून नवीन रॅम टाकली जाते, बिल होतं आणि आठवड्याने तेच गिऱ्हाईक परत दारात. ऐन दाखल्यांच्या गर्दीत त्याचं काउंटर बंद, आणि तुमचं नाव खराब. म्हणून आधी निदान, मग पार्ट.

हा रिस्टार्ट काय सांगतो?

पेन ड्राइव्हवरची मेमटेस्ट विंडोज सुरू न करताच चालते. म्हणजे व्हायरस, ड्रायव्हर, विंडोज अपडेट यांचा या रिस्टार्टशी संबंध नाही. फॉरमॅट मारून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट. रॅम खराब असेल तर टेस्ट बहुतेक वेळा लाल अक्षरात एरर दाखवते आणि पुढे चालू राहते. एकही एरर न येता थेट रिस्टार्ट झाला, तर वीजपुरवठा, उष्णता, मदरबोर्ड आणि बायोस सेटिंग यांच्यावरही तेवढाच संशय घ्या.

एक अपवाद लक्षात ठेवा. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक सुरू होताना आणि संपल्यावर स्वतःच रिस्टार्ट करतं. तो बिघाड नाही.

कामाचा क्रम

१. आधी डेटा. हार्ड डिस्क काढून चांगल्या पीसीला जोडा आणि बॅकअप घ्या. संशयित रॅमवर कॉपी केलेली फाइल खराब होऊ शकते.

२. वेळ लिहा. कितव्या मिनिटाला, कोणत्या टेस्टवर रिस्टार्ट झाला? दोन-तीनदा लावून बघा. दर वेळी मशीन तापल्यावर होत असेल तर उष्णतेचा संशय. कधीही, कसाही होत असेल तर वीजपुरवठ्याचा. दर वेळी त्याच टेस्टवर होत असेल तर रॅम, बायोस किंवा टेस्टचा प्रोग्रामच.

३. धूळ आणि पेस्ट. ब्लोअर मारा, प्रोसेसरचा फॅन फिरतोय का बघा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला. आपल्याकडचा एप्रिल-मे आणि पत्र्याखालचं दुकान, एवढ्यावरच मशीन तापतं.

४. बायोस डिफॉल्टवर आणा. एक्सएमपी चालू असेल तर बंद करा. रॅम तिच्या साध्या स्पीडवर चालू द्या.

५. एक-एक स्टिक. पॉवर केबल काढून रॅम काढा, संपर्काची पट्टी पुसा, नीट बसवा. एका वेळी एकच स्टिक, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. बिघाड स्टिकबरोबर फिरतो की स्लॉटला चिकटून राहतो, ते कळेल.

६. एसएमपीएस बदलून बघा. पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. पण क्षणभराचा झटका मल्टिमीटरवर दिसेलच असं नाही, म्हणून खात्रीचा एसएमपीएस लावून टेस्ट करणं उत्तम. एसएमपीएस उघडू नका, बंद असतानाही आत धोकादायक व्होल्टेज राहतं.

७. दुसरी टेस्ट लावा. पीसी विंडोजमध्ये दिवसभर नीट चालतो आणि फक्त मेमटेस्टमध्येच रिस्टार्ट होतो, असंही घडतं. मग टेस्टची दुसरी आवृत्ती घ्या किंवा एकाच कोअरवर चालवा. प्रोग्राम आणि बायोसचं जमत नसेल तर ते इथे उघडं पडतं.

सगळं करूनही रिस्टार्ट होत असेल तर मदरबोर्डकडे बघा. फुगलेले कपॅसिटर डोळ्यांनाही दिसतात.

तुमच्या दुकानात ठीक, त्याच्या दुकानात रिस्टार्ट?

मग दोष पीसीत नसेलही. त्याचं अर्थिंग, सैल सॉकेट, यूपीएसची बॅटरी आणि तिथलं व्होल्टेज तपासा. इंदापूरहून बारामती पन्नासेक किलोमीटर. गिऱ्हाईकाला उगाच दुसरी फेरी पडली तर त्याचा अख्खा दिवस जातो. फोनवर हे चार प्रश्न आधीच विचारले तर त्याची फेरी वाचते आणि तुमचा वेळही.

पैसे कशाचे घ्यायचे?

निदानाचे! तपासणी फी पीसी हातात घेतानाच सांगा आणि पावतीवर लिहा. टेस्टला काही तास लागतात, पण तुम्हाला समोर बसायची गरज नाही. रात्रभर लावा, मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवा. रिस्टार्टची वेळ आपोआप मिळते आणि गिऱ्हाईकाला दाखवायला पुरावाही. जुना पार्ट परत द्या.

सुरुवातीला भांडवल फार लागत नाही: टेस्टचा पेन ड्राइव्ह, मल्टिमीटर, ब्लोअर, थर्मल पेस्ट, खात्रीचा एक एसएमपीएस आणि डीडीआर३, डीडीआर४ची एकेक चांगली स्टिक. हा किट आधी जमवा, बोर्ड नंतर लावा. "रॅम चांगली आहे, बदलू नका" असं सांगणारा दुकानदार गिऱ्हाईक विसरत नाही.