कानो : नीळ, बाजार आणि मातीचा तट

उत्तर नायजेरियातलं कानो बघायचं तर सुरुवात डाला टेकडीपासून करावी. वर चढलं की जुनं शहर पायथ्याशी पसरलेलं दिसतं. पहिली वस्ती याच टेकडीच्या आसऱ्याने, लोखंड गाळणाऱ्यांची झाली, असं इथले हौसा लोक सांगतात.

शहराला आजचं रूप दिलं ते राजा मुहम्मद रुम्फाने. १४६३ ते १४९९ या त्याच्या कारकिर्दीत कुर्मी बाजार वसला आणि गिदान रुम्फा हा राजवाडा उभा राहिला. सहारा ओलांडून येणारे उंटांचे तांडे इथे मीठ उतरवत आणि कापड-चामडं घेऊन परतत. युरोपात मोरोक्कोचं म्हणून खपणारं बरंचसं चामडं मुळात याच मुलखातलं. १८५१मध्ये आलेला जर्मन प्रवासी हाइनरिख बार्थ लिहितो की, कानोचं कापड उत्तरेला त्रिपोलीपर्यंत आणि पश्चिमेला टिंबक्टूपर्यंत जात होतं.

त्या कापडाचं मूळ पाहायला कोफार माता वेशीजवळ जावं. इथली रंगकुंडं १४९८पासूनची असल्याचं सांगतात. जमिनीत खोल खणलेल्या या कुंडांत नीळ, राख आणि खार पाण्यात आंबवतात. रंगारी कापड बुडवतो, वर काढून हवा लावतो, पुन्हा बुडवतो. जितक्या बुड्या जास्त, तितकी निळाई गडद. मग लाकडी मोगरीने कुंदी केली की कापडाला चकाकी येते. वाळवंटातल्या तुआरेगांची या चकाकत्या निळ्या कापडाला पूर्वापार पसंती आहे. स्वस्त आयात कापडाने आता अनेक कुंडं बंद पाडली आहेत.

शहराभोवतीच्या मातीच्या तटाची गत आणखी वाईट आहे. पूर्वी दर पावसाळ्यानंतर त्याची डागडुजी व्हायची, कारण शहराचं रक्षण त्यावर अवलंबून होतं. १९०३मध्ये इंग्रजांनी कानो घेतलं आणि तटाचं ते काम संपलं. पुढे पावसाने तो झिजला, लोकांनी घरांसाठी त्याची माती नेली, त्याच्या जागेवर बांधकामं झाली. बाजारात मात्र आजही खरेदी-विक्री चालते, राजवाड्यात अमीराची गादी आहे, ईदला सजलेल्या घोडेस्वारांच्या दरबार मिरवणुकीची परंपरा आहे. वारसा टिकतो तो वापरातून, हे कानोत जागोजाग दिसतं.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत जावं. त्याआधी सुरक्षेची ताजी माहिती अवश्य घ्यावी. आणि कोफार माताला नुसते फोटो काढून परतू नये, रंगाऱ्याच्या हातून एक तरी कापड विकत घ्यावं. कुंडं चालू राहायची तर गिऱ्हाईक हवं.