कोड राहतो, कारण निघून जातं

दोहाच्या मुशैरिब स्टेशनवर मेट्रोच्या तिन्ही लाइन एकत्र येतात. लोक एका गाडीतून उतरतात, दुसरीत चढतात. माझ्यासारख्यांसाठी हे शहरही तसंच आहे: दोन-तीन वर्षांचा करार, मग पुढचा देश. ओपन-सोर्स प्रकल्पांतही माणसं अशीच येतात-जातात, फक्त तिथे बहुतेकांचा करारही नसतो. मग गेलेल्यांच्या मागे सॉफ्टवेअरचं काय होतं?

आपल्याच लिपीतलं उदाहरण घ्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे एकापेक्षा जास्त दरी. दुसऱ्या शब्दातला तो आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही, आपल्याला लागतो. युनिकोडमध्ये तो 'ऱ' आणि हलन्त मिळून लिहितात. साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, ही दुसरी पद्धतही चालते. अँड्रॉइडवर आणि क्रोममध्ये ही अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ नावाची ओपन-सोर्स लायब्ररी करते.

आता समजा, अशाच एखाद्या प्रकल्पात दुसऱ्या पद्धतीसाठी चार ओळी आहेत. लिहिणारी व्यक्ती नोकरी बदलून गेली. नवा आलेला हुशार आहे, पण त्याला मराठी येत नाही. एका अक्षराला दोन वाटा कशाला, म्हणून तो त्या ओळी काढतो. कोड सुटसुटीत होतो. आणि आजोबांच्या जुन्या ईमेलमधल्या दऱ्यांचा समुद्र होतो!

2015 मध्ये काही संशोधकांनी जेक्वेरी, रेल्स, जेनकिन्ससारखे पाच प्रकल्प तपासले. ज्या भागात बाहेरून नव्याने आलेल्यांचं काम जास्त, तिथे गुणवत्ता कमी आढळली. म्हणून नवखे वाईट, असं नाही. 'काय' केलंय ते कोडमध्ये दिसतं, 'का' केलंय ते जुन्यांच्या डोक्यात असतं. 2016 च्या एका अभ्यासात तर 133 लोकप्रिय प्रकल्पांपैकी 65 टक्के प्रकल्प जेमतेम एक-दोन माणसांवर उभे असल्याचं दिसलं.

माणसांना थांबवता येत नाही, थांबवूही नये. पण 'दऱ्या' हा शब्द दोन्ही पद्धतींनी चाचणीत घातला असता आणि शेजारी एका ओळीत कारण लिहिलं असतं, तर ओळी काढताक्षणी चाचणी फसली असती. नवख्याला तिथेच कळलं असतं.

माझाही करार संपत आलाय. या आठवड्यात मी नवीन काही लिहीत नाहीये. जुन्या कोडशेजारी फक्त 'का' लिहितेय. तुम्हीही एखाद्या प्रकल्पातून निघायच्या बेतात असाल, तर एवढं करूनच निघा.